वकीलसाहेबांचा शेरा

झाशीच्या राणीच्या आवाजाला कोणी नावं ठेवली असतील, ही कल्पनाच मराठी माणसाला सोसत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्या मुलीने हातात पुठ्ठ्याची तलवार घेऊन आणि पाठीला बाहुला बांधून आपण झाशी देणार नसल्याचं ठणकावून सांगितलं, तिच्याच घशावरून आपण राणीचा आवाज ठरवून टाकला आहे. खणखणीत, कडक, माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. गंमत अशी की ते 'देणार नाही' ज्या गृहस्थाने जगापर्यंत पोहोचवलं, त्याने तो आवाज समोर बसून ऐकला होता. आणि ऐकून लिहून ठेवलं की बाईंचं बाकी सगळं बरं, आवाजाने तेवढा घोटाळा केला. थोडा रडका, थोडा घोगरा!

या गृहस्थाचं नाव जॉन लँग. जन्म 1816, सिडनीकडचा. पेशा वकिलीचा, जोडीला 'मफस्सलाइट' नावाचं वर्तमानपत्र. 1851 मध्ये आग्र्याच्या लाला ज्योतिप्रसादांच्या खटल्यात त्याने खुद्द ईस्ट इंडिया कंपनीला धूळ चारली होती, त्यामुळे कंपनीशी वाकडं असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी त्याचं नाव. 21 नोव्हेंबर 1853 ला राणीचे पती गंगाधरराव नेवाळकर गेले, गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला, संस्थान खालसा झालं. राणीने सोनेरी कागदावर फारसीत पत्र लिहून लँगला झाशीला बोलावून घेतलं. न्यायला आलेल्या वकिलाने वाटेतच सांगून ठेवलं होतं की आमच्या राणीसाहेब दिसायला फार देखण्या आहेत, वय सव्वीस-सत्तावीस. म्हणजे पाहुणा अपेक्षा वाढवूनच आला होता. स्थळ बघायला निघालेल्या मुलाच्या मावशीलाही वाटेत इतकी माहिती मिळत नाही.

भेटीच्या आधी मोठा पेच पडला तो बुटांचा. राणीसमोर जाताना पायातले जोडे काढावे लागतील, असं लँगला सांगण्यात आलं. साहेब अडला. वाटाघाटी झाल्या. शेवटी जोडे काढीन, पण डोक्यावरची हॅट काढणार नाही, या अटीवर तह झाला. एका संस्थानाचं भवितव्य टांगणीला लागलेलं असताना दोन्ही बाजूंचे शहाणे लोक कोणाच्या पायात काय आणि डोक्यावर काय, यावर खल करत बसले होते. सदर बैठक कुठल्याही मराठी लग्नाच्या याद्यांच्या वेळी जशीच्या तशी पाहायला मिळते.

मग पडद्याआडून बोलणं सुरू झालं. मध्येच दत्तक मुलाने, छोट्या दामोदरने, पडदा बाजूला केला, आणि साहेबाला राणी दिसली. त्या काही क्षणांत त्याने केवढं टिपलं! बांधा मध्यम, अंगाने भरलेली, तरी बेताचीच. रंग फार गोरा नाही, तसा काळाही नाही. डोळे सुरेख, नाक नाजूक, चेहऱ्यावर हुशारी. पांढरं साधं वस्त्र, कानांत सोन्याची कर्णफुलं, दुसरा दागिना नाही. चेहरा मात्र, त्याच्या सौंदर्यकल्पनेप्रमाणे, जास्तच गोल. आणि कळस म्हणजे, हा चेहरा वय कमी असताना फार देखणा असला पाहिजे, असा निर्वाळा. सव्वीस वर्षांच्या बाईला 'तरुणपणी चांगली दिसत असशील' म्हणणारा माणूस निदान परत येताना पालखीतून पडावा, असं वाचकाला वाटतं. तो पडला नाही. उलट राणीने त्याला निरोप देताना हत्ती, उंट, अरबी घोडा, शिकारी कुत्र्यांची जोडी, झाशीचं रेशमी कापड आणि शाली दिल्या. हे सगळं घेऊन वकीलसाहेब परत गेले आणि पुढे डिकन्सच्या साप्ताहिकात व 1859 च्या 'वाँडरिंग्ज इन इंडिया' या पुस्तकात चेहरा गोल असल्याचं छापून मोकळे झाले.

लँगची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे, कारण ती आपल्या घराघरांत चालते. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग 'पण' टाकायचा. 'साडी काय छान आहे गं! पण तुला हा रंग...' पहिल्या वाक्याची पावती फाडून ठेवली की दुसऱ्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. हरकत घेतलीच तर 'आम्ही आपलं आपुलकीने बोललो' हे उत्तर तयार. मराठीत दुसऱ्याच्या शरीरावर होणारी सगळी टीका आपुलकी या खात्यातून खर्ची पडते.

राणीने काय केलं ते लँगनेच सांगितलं आहे, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. परपुरुषाने पाहिलं म्हणून ती थोडी खट्टू झाली, निदान तसं तिने दाखवलं. मग हसून विचारलं: मला पाहिल्यामुळे माझ्या दुःखाबद्दलची तुमची सहानुभूती कमी झाली नाही ना, माझ्या दाव्याला बाध आला नाही ना? यावर साहेबाने जे ठेवणीतलं उत्तर काढलं त्याचा आशय असा, की माझं हे भाग्य गव्हर्नर जनरलच्या वाट्याला आलं असतं तर त्याने झाशी तिच्या सुंदर राणीला लगेच परत करून टाकली असती. त्यानंतर बराच वेळ दोघांनी एकमेकांना लोणी लावलं. तिच्या रूपाची आणि बुद्धीची कीर्ती जगभर पसरली आहे, असं तो म्हणाला. जिथे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना होत नाही असा पृथ्वीवर कोपरा उरलेला नाही, असं तिने त्याला सांगितलं. मग ती मूळ मुद्द्यावर आली. लँगने सल्ला दिला की आपला हक्क राखून ठेवून, निषेध नोंदवून तनखा घ्यावा आणि वर अर्ज करावा. तिथे ते जगप्रसिद्ध 'देणार नाही' उमटलं, त्याच थोड्या रडक्या, थोड्या घोगऱ्या आवाजात.

दिसण्याचा विषय समोरच्याने काढला की आपण साधारणपणे दोन गोष्टी करतो. एक तर कानशिलं तापेपर्यंत गप्प बसतो आणि घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी बिनतोड उत्तरं सुचतात. नाही तर 'तुमचं काय, आरशात बघा' या पातळीवर उतरतो. राणीने तिसरीच वाट काढली: तुमचं बघणं झालं असेल, तर त्याचा माझ्या कामावर काय परिणाम होणार आहे ते बोला. इतकी सरळ उलटतपासणी त्या वकिलाची आग्र्याच्या कोर्टातही झाली नसेल.

तिच्या वाट्याला असे परीक्षक पुढेही येत गेले. 1858 मध्ये झाशी घेणाऱ्या सर ह्यू रोझने तिचं सौंदर्य, हुशारी आणि चिकाटी यांची तारीफ करून बंडखोरांच्या पुढाऱ्यांत तीच सर्वांत धोकादायक, असं लिहिलं. त्याच्याच फौजेतल्या थॉमस लो या डॉक्टरने तिला बायबलातल्या दुष्ट राणीच्या, जेझेबेलच्या पंक्तीला नेऊन बसवलं. आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगच्या टिपणांत नोंद आहे की ती देखणी नव्हती, चेहऱ्यावर देवीचे वण होते, डोळे आणि बांधा मात्र सुरेख. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ घोड्यावरून लढताना एक पंचविशी-तिशीची बाई पडते, आणि कलकत्त्याच्या सरकारी कागदांत तिच्या चेहऱ्यावरच्या वणांची नोंद होते! एकाला ती भरलेली वाटली, दुसऱ्याला सुंदर, तिसऱ्याला वणांची. समोर तलवार असताना पुरुषमंडळींना एवढं निरखायला सवड कशी झाली, याचं मात्र कौतुक वाटतं.

फोटो बघून निकाल लावावा म्हटलं तर तीही सोय नाही. राणीचा म्हणून जो एक फोटो फिरतो, तो हॉफमन नावाच्या माणसाने 1850 मध्ये काढला असं सांगतात. कलकत्त्याची जॉन्स्टन अँड हॉफमन ही पेढी निघाली ती 1880 च्या दशकात. तेव्हा त्या फोटोतली बाई जी कोणी असेल, तिला बिचारीला गेली कित्येक वर्षं दुसरीच्या रूपाचे गुण-दोष ऐकून घ्यावे लागत आहेत.

या सगळ्या साहेबी नजरांच्या तुलनेत आपला पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक कितीतरी उदार निघाला. विष्णुभट गोडसे 1857 मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाले, बंडात सापडले आणि झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहून, लुटले जाऊन परतले. त्यांचं 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 मध्ये छापून आणलं. राणी कधी पायजमा, डगला, डोक्याला पागोटं आणि कमरेला तलवार अशी पुरुषी वेषात कचेरीत यायची, कधी पांढऱ्या लुगड्यात, हे भटजी सांगतात आणि पुढे जातात. 'बाईमाणसाला हे शोभतं का' हा प्रश्न त्या कोकणस्थ ब्राह्मणाच्या लेखणीतून, चक्क, निघत नाही. तिने विधवापणी केशवपन केलं नव्हतं. त्याबद्दल ती रोज प्रायश्चित्त घेई, हेही ते नोंदवतात. डोक्यावरचे केस ही त्या काळी खाजगी बाब नव्हती. आताही फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखकाच्या डोक्यावरून ते गेले तेव्हा अख्ख्या सोसायटीने आपापली तेलं सुचवली.

खरा हजरजबाबी गडी निघाले ते राणीचे यजमान. गंगाधररावांना नाटकाचा भारी नाद, आणि कधी कधी ते घरातही स्त्रीवेष करत, अंबाडा घालत, असं गोडसे भटजींच्या कानावर आलं होतं. त्यांनी दिलेल्या हकिकतीत एक इंग्रज अधिकारी महाराजांना याचा जाब विचारतो. राजाने असं दिसावं? गंगाधररावांचं उत्तर असं, की साहेब, तुम्ही साता समुद्रापलीकडून आलात आणि इथल्या सगळ्या राजांच्या हातांत बांगड्या भरल्यात. मग मी बायकांसारखा राहिलो तर बिघडलं कुठे? ऐकीव गोष्ट आहे, कोर्टात टिकणार नाही. पण शेरा मारणाऱ्याचा हात धरून त्याच्याच गालावर मारायला लावावा, तसं हे झालं. बायकांना दुबळं ठरवणारा तो युक्तिवाद पुढे त्यांच्याच पत्नीने खोटा पाडला, ही गोष्ट वेगळी.

आता हे सगळं जुनं म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. झाशीत आजही पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, आणि जिथे राणीचं, म्हणजे तेव्हाच्या मणिकर्णिकेचं, लग्न लागलं त्या गणेश मंदिरात गणेशोत्सव होतो. अशाच एका घरी प्रस्तुत लेखक चहाला गेला असता, तिथल्या आजींनी चष्मा पुसून त्याला पायांपासून वर नि पुन्हा खाली न्याहाळलं.

"पुण्याचा ना रे तू?"

"हो आजी."

"मग असा करपलास कुठे?"

घरातल्या सुनेने जीभ चावली. आजींनी मात्र बशीत आणखी एक लाडू ठेवला, 'पोटाला काही कमी नाही, ते दिसतंच आहे' अशी पुरवणी जोडली, आणि मग दोन तास जुन्या झाशीच्या अशा गोष्टी सांगितल्या की लेखकाला आपल्या रंगाचा विसर पडला. पोटाचा पडला नाही, कारण लाडू चालूच होते. लाडवासोबत आलेला शेरा आणि नुसता आलेला शेरा यांची जमाखर्चात वेगवेगळी नोंद करावी लागते, असं लेखकाचं मत आहे. त्याच्या पत्नीला ते मान्य नाही. तिच्या मते लाडू हीच लाच आहे. हत्ती-उंट मिळूनही गप्प न बसलेल्या लँगचा दाखला तिला दिला, तेव्हा तो अगदीच नालायक माणूस होता, एवढंच तिने सांगितलं.

जिथे लाडूही नाही आणि ओळखही नाही, तिथे प्रकरण विनोदाच्या पलीकडे जातं. याच उत्तर प्रदेशात 2024 च्या एप्रिलमध्ये बोर्डाच्या दहावीचा निकाल लागला. सीतापूरची एक मुलगी 600 पैकी 591 गुण मिळवून राज्यात पहिली आली. तिचा फोटो छापून आला, आणि हजारो मोठ्या माणसांना त्यात दिसली ती तिच्या ओठांवरची लव. गणिताचे किती, विज्ञानाचे किती, हे विचारायचं राहूनच गेलं. एक-दोन गुण कमी पडले असते तर पहिली आले नसते आणि हे ऐकावं लागलं नसतं, असं त्या पोरीला म्हणावं लागलं. चाणक्यालाही लोकांनी दिसण्यावरून हिणवलं होतं, असंही ती म्हणाली. म्हणजे इतिहासाचा अभ्यासही पक्का होता. त्यात एका दाढीच्या रेझरवाल्या कंपनीने तिच्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: लोकांच्या त्रासामुळे आमचं रेझर वापरण्याची वेळ तुझ्यावर कधी न येवो. म्हणजे सांत्वनाखालीही विकणाऱ्याची सही होतीच.

बांगरा टेकडीवरचा झाशीचा किल्ला ओरछाच्या बीरसिंह देवाने 1613 मध्ये बांधला. तो चढताना प्रस्तुत लेखकाला लागलेली धाप ऐकून एका अनोळखी कुटुंबाने न मागता सांधेदुखीवरचा काढा सांगितला, ते असो. कडक बिजली तोफ पाहून, राणीने जिथून घोड्यासह उडी घेतली म्हणतात त्या तटावरून खाली वाकून, लेखक पायथ्याशी आला, तेव्हा एका हातगाडीवर प्लॅस्टरच्या राण्या मांडलेल्या होत्या. अर्ध्या लांबट चेहऱ्याच्या, सिनेमातल्या नटीसारख्या शेलाट्या. अर्ध्या गोल चेहऱ्याच्या, थोड्या भरलेल्या. यांतली खरी कोणती, असं विचारल्यावर विक्रेत्याने एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरी उचलून वजन केल्यासारखं केलं.

"असली तो दोनों हैं, बाबूजी. गोल वाली के बीस रुपये ज़्यादा लगेंगे."

"ते का?"

"माल ज़्यादा लगता है."

लेखकाने गोल चेहऱ्याची घेतली. घासाघीस केली नाही.