टीएमसीतला हरवलेला फूट

पावसाळा लागला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतलं सगळं गणगोत एकमेकांना फोन करून कोयना धरणाबद्दल तीनच अक्षरं विचारतं. ‘किती झालं टीएमसी?’ साताऱ्याचा पाहुणा ‘ब्याण्णव’ म्हणतो, सांगलीचा ‘आयला’ म्हणतो आणि फोन ठेवतो. दोघांनाही सगळं कळलेलं असतं. टीएमसी म्हणजे काय, एवढं सोडून.

परवा चहाच्या गाड्यावर मी चाचणी घेतली. पहिल्यानं ‘टोटल’पासून सुरुवात केली आणि तिथंच थांबला. दुसऱ्याची मुलगी ठाण्यात दिलेली, त्यानं महापालिका सांगितली. तिसऱ्यानं थेट तृणमूलच्या ममताबाईंचं नाव घेतलं. शेवटी कोपऱ्यात बशीतनं चहा पिणारे एक निवृत्त शाखा अभियंता म्हणाले, ‘थाउजंड मिलियन क्युबिक फीट.’ म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, सरळ मराठीत एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये २,८३१ कोटींच्या वर. मी बोटं मोडून मोजलं. टी झाला, एम झाला, सी झाला. ‘साहेब, फीटचा एफ कुठं गेला?’ बशी खाली न ठेवता ते म्हणाले, ‘तो बोलायचा नसतो.’

१०५.२५ टीएमसीचं एवढं थोरलं कोयना धरण, आणि त्याच्या मापाच्या नावातनं फूटच गळालेला! एरवी आमच्या दोन जिल्ह्यांत फूट शोधायला लांब जावं लागत नाही, प्रत्येक पक्षात एखादी तरी पडलेलीच असते. हा फूट मात्र मला सापडला तो सांगलीत, १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावर. कृष्णेचं पाणी चाळीस फुटांना आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. साताऱ्यानं गाळलेला फूट सांगलीनं असा व्याजासकट वसूल केला.

पाणी एकच, पण त्याची आधारकार्डं चार. कोयनानगरला ते टीएमसी असतं. पायथा वीजगृहातनं बाहेर पडलं की २,१०० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) होतं, सहा वक्र दरवाजे उचलले की आकडा कुठल्या कुठं. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटून सांगलीत आलं की फूट होतं. आणि पुढं कर्नाटकात आलमट्टीला पोचलं की ५१९.६० मीटर! सांगलीचा माणूस रात्री अकरा वाजता बातम्या बघताना चार मापं घेऊन बसलेला असतो आणि त्याचा प्रश्न एकच असतो: माझ्या उंबऱ्याला कधी लागणार?

यातली पहिली दोन मापं एकमेकांशी बोलत नाहीत असंही नाही. ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतो. म्हणजे ‘तीस हजारांनी सोडलंय’ ऐकलं की दिवसाला अडीच टीएमसीच्या वर पाणी निघालं. भागाकार चौथीचा. पण ही एक ओळ पुराच्या पत्रकाच्या तळाशी छापली, तर ते काढणाऱ्या साहेबांना फोन करून विचारायचं काय? आणि विचारणारंच कुणी उरलं नाही, तर साहेब कशाचे?

माझा भाचा पुण्यात टेक्निकल रायटर आहे. यंत्रांची आणि सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहितो. त्याला हे टीएमसीचं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मामा, आमच्यात नियम आहे. लघुरूप पहिल्यांदा आलं की पूर्ण नाव द्यायचं, मग खुशाल तीन अक्षरं वापरायची.’ वेबपानाच्या भाषेत त्यासाठी ‘एबीबीआर’ नावाची खूणही आहे म्हणे. ती लावून तिच्यात पूर्ण नाव भरलं की बऱ्याच ठिकाणी अक्षरांखाली ठिपक्यांची रेघ येते, तिच्यावर माउसचा बाण नेला की पूर्ण नाव अलगद उघडतं. १९९७च्या आवृत्तीत ‘ॲक्रोनिम’ ही दुसरी खूणही होती. पण कुठलं लघुरूप कुठल्या खुणेत बसवायचं यावर एकमत होईना, म्हणून पुढं तिला निवृत्त केलं. वाद झाला की पदच रद्द! आपल्याकडं दोन्ही पदं ठेवून वर एक समन्वयक नेमला असता.

‘आणि मोबाइलवर?’ मी विचारलं. भाचा गप्प. मोबाइलवर बाण नसतो, बोट असतं, आणि बोट नुसतं अक्षरांवर धरून सहसा काही उघडत नाही. सोय झाली, ती टेबलावर बसणाऱ्याची. बांधावरच्याच्या हातात राहिली तीन अक्षरं.

खरं तर ही खूण आमच्या मातीत जुनी. मोडी कागदात ‘मौ’ लिहून पुढं दोन उभ्या रेघा ओढल्या की वाचणारा ‘मौजे’ म्हणायचा. शब्द तोडलाय याची पावती कारकून तिथंच द्यायचा. आता शब्द तुटतो, पावती मिळत नाही. सरकारी मराठीनं दशलक्ष घनमीटरचं ‘दलघमी’ केलं. हे दलघमी ऐकलं की मला दर वेळी अजिंक्यताऱ्याला वेढा घालायला आलेला कुणी दलघमीखान दिसतो.

ऊसवाल्यांची तऱ्हा वेगळी. २००९ साली एसएमपी (वैधानिक किमान दर) गेली, एफआरपी आली. पूर्ण नाव रास्त आणि किफायतशीर दर. ‘कुणाला’ किफायतशीर, ते नावात नाही. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. पण नावाचेच तुकडे केले म्हटल्यावर पैशाचे व्हायला कितीसा वेळ? मग ‘एकरकमी एफआरपी’साठी आंदोलन करावं लागतं.

यंदा सांगलीत नदीकाठच्या गल्लीत आमच्या आक्कांकडं गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढं. टीव्हीवर बाई क्युसेक, टीएमसी, मीटर धडाधड सांगत होती. आक्का भाकरी थापत होत्या. मी विचारलं, ‘आक्का, कळतंय का काय?’ त्या म्हणाल्या, ‘मला कशाला कळायला पायजे? त्या भिताडावर बघ की.’

भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर उलटं करून टांगलेलं. त्यावर नातवाच्या पेन्सिलीनं, नातवाच्याच अक्षरात चार ओळी:

३८ – शेरडं पाव्हण्याकडं.
४० – तांदूळ, डाळ माळ्यावर.
४३ – गॅसची टाकी, कागदपत्रं, गोळ्या.
४५ – कुलूप.

भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘मामा, हे कुणी लिहिलंय?’

ता. क. (ताजा कलम, म्हणजे पत्र संपल्यावर आठवलेलं) – पुराची पत्रकं काढणाऱ्या साहेबांना विनंती, ती ११,५७४ची ओळ तेवढी खाली छापा. आणि आक्कांच्या ओळी त्यांच्या उंबऱ्याच्या आहेत. तुमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटांना लागतं, ते कॅलेंडरच्या मागं आजच लिहून ठेवा.