फक्त फॅमिलीसाठी

कुपवाड एमआयडीसीत नोकरी मिळायला पाच मिनिटं पुरतात. गेटवर ठेकेदाराचा माणूस उभा असतो. तो एकदा दंडाकडे बघतो, आधार कार्डाची झेरॉक्स घेतो आणि "सेकंड शिफ्टला ये" म्हणतो. लग्न का जमलं नाही, मटण खातोस का, पाहुणे किती येतात, असलं काही तो विचारत नाही. फौंड्रीत चौदाशे अंशांपर्यंत तापलेला लोखंडाचा रस साच्यात ओतायचं काम परवाच मिरज जंक्शनवर उतरलेल्या पोराच्या हाती बिनधास्त दिलं जातं. संध्याकाळी तोच पोरगा खोली बघायला बामनोलीच्या रस्त्याला जातो, तेव्हा मात्र त्याला गॅसवर अंडं उकडू द्यावं की नाही, यावर मालकांच्या घरात बैठक बसते.

"कुठलं गाव म्हणायचं?"

"जत."

"म्हणजे बाहेरचंच की ओ."

जत सांगली जिल्ह्यातच आहे, हे मालकांना ठाऊक असतं. पण जिल्हा कलेक्टरचा आणि गल्ली मालकांची. बाहेरचेपणाचेही दर्जे आहेत. जत-आटपाडीचा माणूस अर्धा बाहेरचा. विजापूरकडचा पाऊण, कारण त्याला निदान शेंगाची चटणी कळते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा हे पूर्ण बाहेरचे, आणि या तिन्ही राज्यांचं गल्लीत मिळून एकच नाव आहे: बिहारी. गंजामच्या पोराने आपण ओडिया आहोत असं सांगितलं, तर मालक समजूतदारपणे मान डोलावतात आणि म्हणतात, "तेच की ते." या खोल्या बांधणाऱ्यांतले कित्येक जण स्वतः कंपनीतल्या नोकरीसाठी पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतून इथे आले. पण ते 'आले' नव्हते, ते 'स्थायिक झाले' होते. बाहेरचे म्हणजे त्यांच्यानंतर आलेले.

मग दारावरची पाटी. 'खोली भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी.' पोराची फॅमिली असते, पण गावाकडे. ती इथे का आणत नाही, तर खोली मिळत नाही म्हणून. खोली का मिळत नाही, तर फॅमिली इथे नाही म्हणून. यातून सुटका करतो तो ठेकेदार. तो आठ पोरांसाठी एक खोली मागतो आणि त्याला ती मिळते. एकटा बॅचलर गल्लीच्या संस्कृतीला धोका असतो. आठ बॅचलर आले की माणशी भाडं लागतं, आणि संस्कृती जरा सरकून बसते. दिवसपाळीचे उठले की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचे झोपतात. उशीला सुट्टी अशी नसतेच.

आता कागदाचं बघू. कुपवाडातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात भाडेकराराची पवित्र संख्या अकरा आहे. १९०८च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं, तेव्हापासून एक महिना कमी लिहायची युक्ती आपल्या अंगात मुरली. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखीच हवा, नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नोटरीसमोर टाइप केलेल्या ज्या अकरा महिन्यांच्या कागदाने भाडेकरूला बांधून टाकलं असं मालक समजतात, त्याच कागदाने ते स्वतः दंडाला पात्र ठरत असतात. आणि हा कागद करून घेणारा मालक चोख व्यवहाराचा मानला जातो, कारण बाकीचे नुसत्या जिभेवर देतात.

खर्च परवडत नाही म्हणावं, तर तेही नाही. मुद्रांक शुल्क शेकडा पाव रुपया. साडेतीन हजारांची खोली अकरा महिन्यांसाठी धरली, तर शंभराच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. ऑनलाइन करून देणाऱ्याचे हात ओले करायला वरखर्च वेगळा. एवढ्या पैशात मालकांची तुरुंगातून सुटका होते, पण ते म्हणतात, "कशाला उगा कागदं वाढवायची?" त्याच कलमातली आणखी एक तरतूद मजेशीर आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. कायदा एवढा उदार झाला, पण भाडेकरूने काही म्हणायला हवं ना! म्हटलं की त्याच रात्री खोलीला डागडुजी निघते.

लेखी करारच नसला की पत्त्याचा पुरावा जमवणं अवघड. पुरावा नाही म्हणून आधारवर गावचाच मुक्काम कायम, आणि गॅस कनेक्शनचीही तीच रड. मग पाच किलोचा छोटा सिलिंडर. तो ओळखपत्रावर मिळतो. रेशनही आता कुठल्याही राज्यात अंगठा लावून घेता येतं. म्हणजे बिहारमधून आलेल्या पोराचा अंगठा इथला, पोट इथलं, घाम इथला. राहतो मात्र तो कागदोपत्री दरभंग्यालाच. सांगली-मिरज-कुपवाड अशी तीन नावं जोडून १९९८ साली महापालिका झाली, तेव्हा कुपवाडालाही आपण नक्की कुठले, हे समजायला वेळ लागलाच होता. तेव्हा पोराने घाई करू नये.

लाइटचा विषय मालकीणबाईंच्या अखत्यारीत. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिल्या शंभर युनिटांना सगळ्यात कमी. सबमीटरवर असे टप्पे नसतात. तिथे पहिल्या युनिटपासून वरचाच दर, सगळ्यांना समान. समाजवाद शोधायचा तर तो आता तिथेच सापडेल.

अकरा महिने भरले की डिपॉझिटचा हिशोब होतो. रंगाचे कापले, नळाच्या वॉशरचे कापले, पाहुणा चार दिवस राहिला त्याच्या पाण्याचे कापले. शेवटी भिंतीत कॅलेंडरसाठी ठोकलेल्या खिळ्याचे पन्नास. पोरगा म्हणाला, "मालक, खिळा उपटून देतो की."

"राहू दे तसाच," मालक म्हणाले, "पुढच्याला लागंल. त्याचे आपण वेगळे घेत नाही."