कोणाचो झील रे तू?

मालवणात अनोळखी पोर वाटेत दिसलं, की म्हातारी माणसं त्याचं नाव विचारत नाहीत. "कोणाचो झील रे तू?" एवढंच विचारतात. वाडी कळली, घर कळलं, की पोराचं निम्मं चरित्र त्यांना आपोआप कळतं. रोबो बनवायला निघालेल्या मुलांनी हाच प्रश्न आपल्या बोर्डांना विचारावा, असं माझं मत आहे.

कारण मुलं फसतात ती आडनावाला. आर्डुइनो घराण्यातले ऊनो आणि जुनी नॅनो ही सख्खी भावंडं. दोघांच्या पोटात अ‍ॅटमेगा३२८ हीच चिप, २ केबी रॅम, आणि चूल ५ व्होल्टची. मेगा थोरला, ५४ डिजिटल पिनांचा, ऐसपैस. इथवर घर ओळखीचं. पण २०२३ साली आलेली 'नॅनो ईएसपी३२' आडनावापुरतीच नॅनो; रक्त शांघायच्या एस्प्रेसिफ घराण्याचं, चूल ३.३ व्होल्टची. ऊनोच्या भरवशावर ५ व्होल्टचा सेन्सर हिच्या पिनेला जोडलात, तर सोयरीक तिथेच जळेल. एरवी सून गुणी: वायफाय माहेराहून घेऊन आलेली आणि आर्डुइनोची भाषा अस्खलित बोलणारी.

रास्पबेरी पायच्या घरी तर आणखी घोळ. २०१२ सालचा पाय हा अख्खा संगणक; २०२१ सालची पिको हा साधा मायक्रोकंट्रोलर. पिकोला टीव्ही जोडून डेस्कटॉपची वाट बघत बसलेला मुलगा भेटला, तर हसू नये. दोष आडनावाचा.

आणि भाऊबंदकी? तीही आहे. आर्डुइनोचा जन्म २००५च्या सुमाराचा, इटलीतल्या इव्रेआ गावचा. नाव गावातल्या एका बारचं, बारचं नाव एका जुन्या राजाचं. पुढे संस्थापकांत फूट पडली, एकाच नावाच्या दोन कंपन्या झाल्या, आणि २०१५ साली एका पक्षाला अमेरिकेबाहेर 'जेन्युइनो' हे नाव लावून माल विकावा लागला. २०१६ साली समेट झाला. सामाईक सातबाऱ्यावरच्या एका कलमापायी पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या लोकांना ही घाई अशोभनीयच वाटेल.

बाजारात मिळणारे स्वस्त ऊनो बहुतेक या घरचे नसतातच. पण आराखडा खुला असल्यामुळे त्यांना तोतया म्हणता येत नाही. नाव मात्र लावता येत नाही. शिकायला ते पुरतात. फक्त खाऱ्या वाऱ्यात उघडे ठेवू नयेत, पिना काळ्या पडतात. (हा नियम अस्सल मालालाही लागू.)

एवढी वंशावळ पाठ केली, तरी मोटर कुणाचंच ऐकत नाही. ऊनोच्या एका पिनेने २० मिलिअ‍ॅम्पिअर द्यावेत, आणि मोटरने मागावेत शेकड्यांनी. मग मध्ये एल२९८एन नावाचा मध्यस्थ घालावा लागतो. तो मोटरच्या वाट्याचे दोनेक व्होल्ट स्वतःच खाऊन टाकतो. मध्यस्थ म्हटल्यावर तेवढं चालायचंच.