टूथपेस्ट दातांना लावा

पोर पोळलं की घरात पहिली धाव टूथपेस्टकडे. मग हळद, तूप, किसलेला बटाटा. सोबत पोराच्या आईला सगळ्यांचा एकच सवाल: ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ आणि या गडबडीत नळ मात्र बंद!

आधी नळ सोडा हो! गरम पाणी सांडून संपलं तरी कातडीत शिरलेली उष्णता आत पोळतच राहते. ती काढायला साधं वाहतं पाणी हवं, सलग 20 मिनिटं, घड्याळ बघून. रडं थांबलं म्हणून पाणी थांबवायचं नाही. तीन तासांपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो, त्यामुळे उशीर झाला तरी ओताच. टँकरच्या गावात नळ कुठला, म्हणाल. मग खाली परात धरा, तांब्याने ओता, परातीतलं पाणी पुन्हा ओता. पोराचं बाकीचं अंग तेवढं उबदार ठेवा. मनगट्या, वाळे, करदोटा सूज यायच्या आत काढा. बर्फ लावू नका, त्याने जखम आणखी बिघडते. फोड फोडू नका. पेस्ट तर नकोच नको. जखम किती खोल आहे हे बघण्यासाठी डॉक्टरांना पेस्ट पुसून काढावी लागते, आणि सोललेल्या कातडीवरून वाळलेली पेस्ट निघताना ते लेकरू काय भोगतं, ते एकदा बघाच.

आता मोरीतली बादली. आपल्याकडे आधी कढत पाणी ओततात आणि मग विसण आणायला वळतात. रांगतं पोर तेवढ्यातच बादलीला धरून उभं राहतं. क्रम उलटा करा: आधी गार पाणी, त्यावर कढत. याला एक पैसा लागत नाही. गिझरचा काटा 50 अंशांच्या वर नको. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसालासुद्धा पाचेक सेकंदांत खोल पोळवतं, पोराची कातडी तर त्याहून पातळ. आणि सर्दी झाली म्हणून उकळत्या पातेल्यावर पोराचं डोकं धरून वाफ देणं आजपासून बंद.

तोंड, हात, पाय, सांधा किंवा लघवीची जागा पोळली असेल, किंवा जखम पोराच्या तळव्याहून मोठी असेल, तर पाणी ओतून झाल्यावर स्वच्छ कापडाने सैलसं झाका आणि थेट दवाखाना गाठा. फार पोळलं असेल तर एकाने पाणी ओतत राहावं, दुसऱ्याने 108 लावावा. आईला बोल लावत उभ्या असलेल्यांपैकी कुणीही चालेल.