गुणवंतांनी डोंगर कसा उतरावा

बारावीला चांगले गुण पडले की अभ्यास संपला, असा गैरसमज भीमाशंकरच्या वाड्या-वस्त्यांवर फार आहे. खरा विषय पुढेच सुरू होतो: केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती. पदवीला वर्षाला 12,000 रुपये, पदव्युत्तरला 20,000.

आधी पात्रता. बोर्डात आपल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असावे लागते. म्हणजे 80 टक्के नव्हे. पण गावातला जाणता माणूस 80 टक्केच सांगतो आणि पंचाहत्तरवाली पोर कट-ऑफ न बघताच घरी बसते. जाणत्यांपासून चार हात लांब राहावे.

घरचे उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत हवे. आहुपे, तेरुंगणकडे भातखाचरं आणि उन्हाळ्यातला हिरडा यांवर त्याहून जास्त दाखवायचे, तर कल्पनाशक्ती लागेल. तरी दाखला हवाच, आणि तो घोडेगावच्या तहसीलचा. गरिबी नुसती दिसून भागत नाही, तिच्यावर शिक्का लागतो.

अर्जाचा हंगाम बहुधा पावसाळ्यातच येतो. श्रावणात एसटी भाविकांनी खच्चून भरून वर येते, तेव्हा गुणवंताने खाली उतरावे, जागा मिळते. परतीला उभे राहावे. कागद दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवावेत.

शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या नोंदणीत मोबाइलपुढे चेहरा धरून ओळख पटवावी लागते. हे धुक्यात करू नये. ओटीपी बापाच्या मोबाइलवर येतो, बाप आवणीला चिखलात, आणि रेंज वरच्या टेपाडावर. तेव्हा त्या दिवशी वडिलांना खाचरातून काढून टेपाडावर नेऊन बसवावे. सेवा केंद्रातला पोरगा म्हणेल, "साईट डाऊन हाय दादा, उद्या या." जावे. परवाही जावे.

मग लोभ आवरावा. ही शिष्यवृत्ती घेतली की दुसरी घेता येत नाही. आदिवासी विद्यार्थ्याला महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते, तिच्यात फीही येते. दोन्हींचा हिशेब मांडून जिथे जास्त, त्याच रांगेत उभे राहावे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावातच आहे. तिथे विचारा, पारावर नको.

पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. मुसळधार पाऊस हे गैरहजेरीचे कारण धरत नाहीत. आणि कॉलेजने तपासून पुढे पाठवल्याशिवाय अर्ज तिथून हलत नाही. म्हणून शेवटच्या तारखेआधी एकदा क्लार्कच्या टेबलापुढे जाऊन उभे राहाच.