टपाला भोक आणि बायको हीटर

मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका, पण बी विंगमधल्या भाऊजींनी परवा वहिनींना चारचौघांत हीटर म्हटलं. तोही ७५ वॉटचा! वहिनी शेजारीच उभ्या होत्या. चिडायचं राहिलं बाजूला, उलट म्हणाल्या, "तो झोपेतला आकडा हो. जागेपणी शंभर धरा." तेव्हाच मी ओळखलं, हे घर हातचं गेलं.

सगळा त्यांच्या त्या कॅम्परचा, म्हणजे झोपायच्या व्हॅनचा प्रताप. सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा आम्हाला वाटलं हौशी मंडळी भाड्यानं गाडी घेतील, दोन दिवस मिरवतील, परत येतील. कसलं काय! घरात दोन-दोन एसी, आणि ही माणसं भर मे महिन्यात व्हॅनमध्ये फळ्या ठोकून तिथे झोपायला जातात. एसीशिवाय. आणि त्याचाच तोरा. पूर्वी लग्नाकार्यात लोक आडून आडून पगार विचारायचे. आता विचारतात, "रात्रभरात किती अँपिअर-अवर गेले?" वीसच्या आत असतील तर माणूस संसारी, चाळीस गेले तर उधळ्या.

त्यांचं गणित ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. एक टनाचा साधा एसी हजार वॉटच्या आसपास खातो. त्यांची ती १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची महागडी बॅटरी भरली तरी तिच्यात बाराशे वॉट-तास. म्हणजे दहाला एसी लावला की सव्वाअकराला बॅटरी आडवी, आणि मग उरलेली रात्र एकमेकांकडे बघत बसायचं. म्हणून पंखा. पण साधा टेबलफॅन लावतील तर ते भाऊजी कसले! नव्या कोऱ्या गाडीच्या टपाला १४ इंची चौकोनी भोक पाडलं. पार्किंगमध्ये, जिगसॉ घेऊन, सगळ्यांदेखत! वॉचमननं डोळे मिटून घेतले म्हणतात. पत्र्याचा तो तुकडा वहिनींनी जपून ठेवलाय. कशासाठी, ते विचारायचं धाडस माझ्यात नाही.

त्या भोकात बसवलेला पंखा वारा देत नाही, आतली गरम हवा वर ओढून बाहेर टाकतो. खरी मेख खिडकीत आहे. सगळ्या खिडक्या बंद ठेवल्या तर पंखा नुसताच घुमतो. सगळ्या उघडल्या तर पंख्याजवळच्या खिडकीतून हवा येते नि तशीच वर निघून जाते, झोपणारा कोरडाच राहतो. म्हणून उशाशी, सावलीच्या बाजूची, खालची एकच खिडकी उघडायची. म्हणजे बाहेरची गार हवा अंगावरून जाऊन मग टपातून निघते. अडीच अँपिअरवर आठ तास पंखा चालला तरी वीसच अँपिअर-अवर. हे मात्र मला पटलं. भाऊजींना सांगू नका.

आता कोकणातली गंमत ऐका. गाडीचा पत्रा, प्लायवूड, गादी यांत दुपारचं ऊन मुरलं की मध्यरात्रीपर्यंत बाहेर पडत राहतं, म्हणून दुपारी सावलीच हवी. पण रात्री टप मोकळ्या आभाळाखाली असेल तर त्यातली उष्णता वर निघून जाते, झाडाखाली ती अडते. म्हणजे दिवसा झाडाखाली, रात्री माळावर. रोज दोनदा बिऱ्हाड हलवायचं! गुहागरला सावली दिसली म्हणून यांनी गाडी थेट माडाखाली लावली. वाडीचे मालक आले, बोलले काही नाहीत, नुसतं वर बोट दाखवलं. वर नारळांचे घोस. गाडी हलली म्हणजे काय, पळाली.

मग बर्फ. कुणीतरी भरवून दिलं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरा, वर छोटा पंखा ठेवा, झाला एसी. खोकं मिळालं मासळीवाल्याकडून. गार हवा आली, पण बांगड्याचा वास घेऊन! आणि किती वेळ? एक किलो बर्फ वितळताना जेमतेम ९३ वॉट-तासांची उष्णता घेतो. आत दीडशे वॉटचं जोडपं झोपलेलं. पाच किलो बर्फ तीन तासांत त्यांच्या अंगच्या उष्णतेनंच संपला. पत्र्याच्या वाट्याला काही उरलंच नाही.

वहिनींच्या नागपूरच्या नणंदबाईंनी हे ऐकलं आणि फोनवर कपाळाला हात लावला. त्यांच्या मते बर्फ कशाला, पाणी वाळू द्या की! यात मात्र नणंदबाईंचं शास्त्र पक्कं. एक लीटर पाणी वाफ होताना किलोभर बर्फाच्या सातपट उष्णता ओढून नेतं. कूलर, वाळ्याचे पडदे, ओली चादर हा सगळा त्याचाच संसार. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कूलरपुढे बसलं तर दहा-पंधरा अंशांनी जीव सुखावतो. म्हणून त्यांनी प्रेमानं एक छोटा कूलर धाडला, आणि भाऊजींनी तो समुद्रकाठी लावला! तिथली हवा आधीच पाण्यानं टम्म. पाणी वाळणार कुठे? पहाटे उशी पिळावी लागली. नणंदबाईंना निरोप गेला, "फार छान चालला."

एका गोष्टीवर मात्र मी हसत नाही. असह्य झालं की कुणी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपतं, कुणी जनरेटर लावतं. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली, ती जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडनं. त्याला वास नाही, रंग नाही. भाऊजी कितीही घामाघूम झाले तरी हे करत नाहीत, तेवढे गुण त्यांना दिलेच पाहिजेत.

बरं, एवढी यातायात कशाला? हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. साडेतेराशे मीटरवर महाबळेश्वर आहे. गाडीला चाकं आहेत. मी हे एवढंच म्हणाले, तर भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना परीक्षेत कॉपी करायला सांगत होते. "तिथे कुणालाही झोप लागते, वहिनी."

आणि आता ताजी बातमी. भाऊजींच्या आईंनी जाहीर केलंय की पुढच्या खेपेला त्याही येणार. भाऊजींनी कागद-पेन्सिल घेऊन त्यांना समजावलं, आत आधीच दोन हीटर, तिसरा आला की सव्वादोनशे वॉट, पंखा दुप्पट वेगानं फिरवावा लागेल, बॅटरी... आई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सोपं आहे की रे. मी आणि सूनबाई आत. तू बाहेर खाटेवर झोप." वहिनींनी लगेच हिशेब करून टाकला, दीडशेच वॉट. मच्छरदाणी एकच आहे, ती आतल्या खिडकीला लागते.