विरजणवाले काका

काकांच्या टाकीपुढे उभं राहून तुम्ही ‘एंजलफिश काय देखणा आहे हो!’ म्हणालात, तर ते नुसतं ‘हं’ करतात. मासे त्यांच्या लेखी भाडेकरू. खरी मालमत्ता मागे लटकवलेल्या फिल्टरमध्ये. तुम्ही नको म्हणायच्या आत झाकण उघडतं आणि एक काळपट, बुळबुळीत स्पंज तुमच्या नाकाशी येतो. ‘वास घ्या. मातीचा येतो ना? म्हणजे तब्येत उत्तम.’

हे काका बहुतेक सोसायट्यांत आढळतात. निवृत्त, एक बाही कायम कोपरापर्यंत ओली, खिशात जुना टूथब्रश. त्यांच्या घरातला टूथब्रश दातांतून निवृत्त झाला की इंपेलरच्या खाचा घासायला रुजू होतो. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात नेलं, तेव्हा सगळी पोरं कासवाला चिकटलेली आणि हे मात्र पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते शोधत भिंतीमागे, असं त्यांचे थोरले बंधू सांगतात.

पाणी गढूळ झालं म्हणून टाकी घासायची नसते, हे काकांचं पहिलं व्याख्यान. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो माशांना मारतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी, आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू राहतात स्पंजात आणि सिरॅमिकच्या नळ्यांत, आणि त्यांची वसाहत बसायला चार-सहा आठवडे लागतात. इथे कोणी शाळेत शिकलेलं ‘नायट्रोबॅक्टर’ म्हटलं, की काका हात वर करतात. ‘नायट्रोस्पायरा! १९९८ सालीच शोधनिबंध आलाय.’ नातवाचा वाढदिवस मात्र त्यांना फोनने आठवण करून दिल्यावर आठवतो.

म्हणून स्पंज नळाखाली धरायचा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन, वसाहत साफ. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात स्पंज दोनदा हलकेच पिळायचा, बस्स. नळ्या त्याच दिवशी धुवायच्या नाहीत, त्यांची पाळी नंतर. माझ्या मते काकांच्या भक्तीचं मूळ इथेच आहे. बनियन धुवायला टाका, टाका, म्हणून ज्या माणसाने संसारभर बोलणी खाल्ली, त्याला उतारवयात न धुण्याला शास्त्राधार मिळाला. आता चहाचं गाळणं, पंख्याची पाती, सगळीकडे ते ‘वसाहत बसू दे गं’ म्हणतात.

पूर्वी रात्री वीज गेली की काकू उकाड्याने जाग्या व्हायच्या, काका शांततेने. फिल्टरची घरघर थांबली! पाणी फिरलं नाही की जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. म्हणून आता इन्व्हर्टरवर टाकीचा पॉइंट आहे, बेडरूमचा पंखा नाही. काकूंनी याबद्दल विचारलं होतं. ‘तुला खिडकी आहे,’ असं उत्तर मिळालं.

खालच्या मजल्यावरच्यांनी क्रॉफर्ड मार्केटमधून टाकी आणली, चकचकीत धुतली आणि त्याच संध्याकाळी गोल्डफिश सोडले. गुरुवारी एक उलटा तरंगायला लागला. काका अमोनियाच्या तपासणीचे थेंब घेऊन उतरले. पाणी पिवळं राहिलं तर निर्धास्त, हिरवं झालं तर सुतक. झालं हिरवं. निम्मं पाणी बदलायला लावून काका वर गेले आणि स्टीलच्या वाटीत आपल्या स्पंजाचं पिळलेलं तपकिरी पाणी झाकून घेऊन आले. ‘विरजण आहे. तुमच्या फिल्टरमध्ये ओता. खाणं कमी घाला. आणि वहिनी, नळाखाली नाही हं!’ उरलेले मासे वाचले, तेव्हापासून हे नाव पडलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी काकूंनी घर आवरायला काढलं. काका भाजीला गेले होते. परतले तेव्हा गॅलरीतल्या दोरीवर, नॅपकिन आणि पायपुसण्याच्या मधोमध, दोन चिमट्यांनी लावलेला एक पिवळाधमक स्पंज वाळत होता. साबणाचा छान वास येत होता. सिरॅमिकच्या नळ्या ताटात, मोत्यासारख्या.

काका ओरडले नाहीत. पाहुणे यायचे होते. नवा स्पंज कापून बसवला आणि वाटी घेऊन खालच्या मजल्यावर गेले.

‘अगंबाई, काका, विरजण? नळाखाली तर नाही ना धुतलंत?’

‘छे छे! दुसरी टाकी घेतोय, तिच्यासाठी हवंय.’

शब्द गेला तो गेला. पुढच्या रविवारी अडीच फुटी टाकी जिना चढून आली, आणि देवघराशेजारच्या कोपऱ्यावरून काका-काकूंचं बोलणं अजून चालू आहे.